निळी बादली आणि वाकडी दोरी

माशांच्या भ्रूणांवरच्या माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात एक वाक्य आहे : ‘पाण्याच्या गुणवत्तेतील त्रुटीमुळे पहिली बॅच विश्लेषणातून वगळण्यात आली.’ तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “त्रुटी म्हणजे काय झालं होतं?” मी म्हटलं, “सर, बादली.” शेजारी बसलेल्या आमच्या मार्गदर्शक मॅडम एकदम खिडकीबाहेरचा पाऊस बघायला लागल्या.

बादलीकडे येतेच. आधी थोडं मागचं.

मी हर्णैची. बाबा पूर्वी बोटीवर जायचे, आता गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणून ओटीवर बसून जाळी दुरुस्त करतात. आमच्याकडे मासळी म्हणजे बंदरावरचा लिलाव, बर्फ, भाव आणि वास. माशाचं अंडं म्हणजे गाबोळी, आणि गाबोळी म्हणजे हळद-तिखट-मीठ लावून तव्यावर. त्या अंड्यातून मासा होतो कसा, हा प्रश्न मला एम.एस्सी.ला येईपर्यंत कधी पडलाच नव्हता. कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

प्रबंधाचा विषय ठरवायला रत्नागिरीत मॅडमकडे गेले तेव्हा डोक्यात ‘एपिजेनेटिक्स’ होतं, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात ते, कारण शब्द भारी वाटायचा. माशाच्या भ्रूणात सुरुवातीचा सगळा कारभार आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. झेब्राफिशमध्ये साधारण तीन तासांनी भ्रूणाची स्वतःची जनुकं जागी होतात. या जागं होण्यात पी-300 नावाच्या एन्झाइमचा मोठा हात असतो. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांना ते ॲसिटिल गट चिकटवतं, गुंडाळी सैल होते आणि जनुकं वाचता येतात. मला यावर काम करायचं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यासाठी लागणाऱ्या अँटिबॉडीच्या एका इवल्या कुपीची किंमत सांगितली. विषय तिथेच मिटला.

“एन्झाइमच हवंय ना तुला?” त्या म्हणाल्या. “मग असं घे, ज्याचं काम बिघडलं तर साध्या मायक्रोस्कोपखाली नुसत्या डोळ्यांना कळेल. आणि एक डोक्यातून काढ. डीएनए, आरएनए, प्रथिन, संपलं, असं तुम्ही पाठ करता. कापड विणून झालं म्हणजे सदरा झाला का? कापायचं कोणी, टाचायचं कोणी, काजं कोणी करायची?”

तयार प्रथिनावर होणाऱ्या या शिंपीकामाबद्दल मी पदवीला पानंच्या पानं लिहिली होती. फॉस्फेट लावणारी एन्झाइमं, काढणारी एन्झाइमं, युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा शिक्का मारणारी. झेब्राफिशचं एक प्रसिद्ध वाण आहे, ‘माइंड बॉम्ब’. त्यात एकच शिक्का मारणारं एन्झाइम निकामी असतं. त्यामुळे शेजारच्या पेशीला ‘तू चेतापेशी होऊ नकोस’ हा निरोपच नीट जात नाही, आणि सुरुवातीलाच नको तितक्या पेशी चेतापेशी होऊन बसतात. परीक्षेत याला मला पैकीच्या पैकी गुण होते. समजलं होतं का, हा वेगळा प्रश्न.

ठरलं ते एन्झाइम लायसिल ऑक्सिडेज. काम : कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधण्याची सोय करणं. जागा : भ्रूणाच्या पाठीतला पृष्ठरज्जू, म्हणजे कणा तयार होण्याआधीची दोरी. हे एन्झाइम औषधाने बंद पाडायचं आणि दोरीचं काय होतं ते बघायचं.

मासा होता झेब्रा. मत्स्यालयाच्या दुकानात जोडीने मिळणारा, बोटाएवढाही नसलेला, निळ्या पट्ट्यांचा. हा मासा मूळचा आपल्याच बाजूचा, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. जगभरच्या प्रयोगशाळांत तो गेला मात्र अमेरिकेतून. ओरेगनमध्ये जॉर्ज स्ट्राइसिंगरने त्याच्यावर वर्षानुवर्षं काम करून 1981 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निबंध दिला, तिथून पुढे तो गाजला. कारण सोपं आहे. अंडी अंगाबाहेर, तीही पारदर्शक, आणि एक मादी एका सकाळी शे-दीडशे अंडी सहज घालते. माझ्या आजीच्या भाषेत, झाकपाक नसलेला मासा.

अंडी मिळवण्याची पद्धत मला अजून गमतीची वाटते. आदल्या संध्याकाळी छोट्या टाकीत नर आणि मादी ठेवायचे, मध्ये पारदर्शक पट्टी. रात्रभर दोघं एकमेकांना बघतात. तळाला जाळी, कारण अंडी पडली की हेच आईबाप ती खाऊन टाकतात. सकाळी दिवा लावायचा, पट्टी उचलायची. पाठलाग सुरू होतो आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात जाळीखाली पांढुरके ठिपके दिसायला लागतात. एखादी जोडी मात्र पट्टी उचलली तरी दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसते. आम्ही त्या टाकीवर ‘पत्रिका जुळत नाही’ अशी चिठ्ठी लावायचो.

अंडी गोळा करून, धुऊन, मायक्रोस्कोपखाली धरायची. बलकावर एक पेशी फुगवट्यासारखी बसलेली असते. पाऊण तासाने तिच्या दोन होतात. मग दर पंधरा मिनिटांनी चार, आठ, सोळा. मी पहिल्या दिवशी चहा घ्यायला गेले आणि परत येईपर्यंत दोनाच्या आठ झालेल्या. या वाढीचं वेळापत्रक 1995 साली किमेल आणि सहकाऱ्यांनी तासातासाने चित्रांसह मांडून ठेवलंय. ते 28.5 अंश सेल्सिअसला लागू पडतं. आमच्याकडे जुलैत वीज हमखास जायची आणि इनक्युबेटर बंद पडायचा. पण कोकणातल्या जुलैत खोलीचं तापमानच सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात असतं, त्यामुळे भ्रूणांना फारसा पत्ता लागायचा नाही. घाम फक्त मला.

आता बादली.

असंच दोन दिवस वीज नव्हती. पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद, साठवलेलं पाणी संपलेलं, आणि माझ्या टाक्यांत चार जोड्या लावून ठेवलेल्या. बाहेर धोधो पाऊस. मला वाटलं, पाऊस म्हणजे आभाळाने ऊर्ध्वपातन करून दिलेलं पाणी, याहून शुद्ध काय असणार? मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकांच्या मागीलदारी एक निळी, मोठी, रंगाच्या डब्याची बादली पालथी पडलेली होती. साबणाने दोनदा घासली. अंगणात पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेवली. तासाभरात अर्धी भरली. प्रयोगशाळेत नेऊन त्यात मोजून मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम घातलं की भ्रूणांचं पाणी तयार. स्वतःवर इतकी खूश होते की मॅडमना सांगायचंही राहिलं. राहिलं म्हणजे, मुद्दाम राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी बरीच अंडी पांढरी पडलेली. तेवढं चालतं, म्हटलं. उरलेल्यांत हृदय धडधडत होतं, डोळ्यांत काळा रंग भरत होता, शेपटी हलत होती. तिसरा दिवस आला. झेब्राफिश दोन ते तीन दिवसांत कवच सोडून बाहेर येतो. माझा एकही आला नाही. औषध घातलेल्या गटातला नाही आणि नुसत्या पाण्यातलाही नाही. चौथ्या दिवशी सकाळी सगळे आत वळकटी करून बसलेले, डोळे टकटक, आणि कवच जसंच्या तसं. मी दोन बारीक चिमट्यांनी एक कवच फाडलं. पिल्लू फटकन सरळ झालं आणि पळालं. दुसरं फाडलं, तेही पळालं. म्हणजे मासा तयार होता, दार उघडत नव्हतं.

मॅडमना बोलवावं लागलं. त्यांनी मायक्रोस्कोपमधून न बघताच विचारलं, “पाणी कुठलं?”

संध्याकाळी काकांना विचारलं, त्या बादलीत काय ठेवता? “त्यात? मोरचूद भिजवतो. सुपारीला फवारणी केली ना गेल्या आठवड्यात.” सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, रंगाने निळं, आणि बादलीही निळी. काठाच्या खाचेत काय अडकलंय ते दिसणार कुठून? वर पावसाचं पाणी मुळात अगदी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि मऊ पाण्यात तांबं माशांना जास्तच बाधतं. काकांनी मला मिश्रण तपासायची रीतही सांगितली. लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवायचा, तांबूस झाला तर तांबं मोकळं आहे, चुना वाढवायचा. “पण तू त्यात माशे कशाला ठेवलेस?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, “बॅच गेली. पण का गेली ते वाचून ये.”

मी वाचलं ते असं. माशाचं अंडं पाण्यात पडल्यावर काही वेळात त्याचं कवच कडक होतं. आधी ते इतकं मऊ असतं की चिमट्याने चेपतं. हे कडक होणं आपोआप होत नाही. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम, कॅल्शियमच्या मदतीने, कवचातल्या एका प्रथिनाचं ग्लुटामीन दुसऱ्याच्या लायसीनला पक्कं जोडतं (ही दोन्ही प्रथिनांच्या माळेतली अमिनो आम्लं). म्हणजे पहिलं एन्झाइम दार बंद करतं. आणि भ्रूणाच्या पुढच्या भागात, बलकाच्या पिशवीवर, दाणेदार पेशींचा एक पुंजका असतो. त्यात कवच फोडणारं एन्झाइम साठत राहतं आणि वेळ झाली की बाहेर सोडलं जातं. ते प्रथिनं कापणारं एन्झाइम आहे, त्याच्या गाभ्यात जस्त असतं. तांब्याचे आयन पाण्यात असले की ते अडतं. माझ्या भ्रूणांची किल्ली तयार होती, कुलपात फिरत नव्हती.

(दार बंद करणाऱ्या एन्झाइमची ओळख आमच्या घरात आधीपासून होती, हे नंतर कळलं. माझा मामेभाऊ सुरिमीच्या कारखान्यात आहे. राणी माशाचं मांस कुटून, धुऊन, साखर मिसळून गोठवतात ते सुरिमी. त्याचा लगदा मिठात मळून चाळीसेक अंशाला ठेवला की रबरासारखा लवचीक होतो. त्याला ते ‘सेट होणं’ म्हणतात. तेही माशाच्या मांसातलं ट्रान्सग्लुटामिनेजच. आणि तापमान साठच्या आसपास रेंगाळलं की मांसातलीच कापणारी एन्झाइमं तोच लगदा पुन्हा ढिला करतात. भावाला मी हे उत्साहाने सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणूनच आमचा सुपरवायझर साठला बोंब मारतो होय.”)

दुसरी बॅच ऑगस्टात लावायचं ठरलं, पण त्याआधी लायसिल ऑक्सिडेज नीट समजून घे, असं फर्मान निघालं. ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर.

पृष्ठरज्जू म्हणजे पाण्याने फुगलेल्या पेशींची लांब रांग आणि तिच्याभोवती कोलॅजेनचं आवरण. सायकलची ट्यूब आणि टायर म्हणा. आतून दाब, बाहेरून आवळ, त्यातून ताठपणा. हे आवरण कच्चं राहिलं की दोरी ताठ राहत नाही. कोलॅजेनचे धागे पेशीच्या बाहेर येऊन शेजारी शेजारी लागतात, पण नुसते शेजारी असून उपयोग नाही. लायसिल ऑक्सिडेज त्यांच्यातल्या लायसीनच्या शेपटीवरचा नायट्रोजनवाला गट काढून तिथे अल्डिहाइड करतं. हे टोक इतकं उतावळं असतं की शेजारच्या धाग्यावरच्या टोकाशी आपणहून जोडलं जातं. एन्झाइम गाठ मारत नाही, गाठ बसेल असं टोक तेवढं सोडवून देतं.

आणि या गाठवाल्याला कामाला लावण्याआधी त्याच्यावरही काम करावं लागतं. ते तयार होतं तेव्हा निकामी असतं. बीएमपी-1 नावाचं दुसरं एन्झाइम त्याचा पुढचा तुकडा छाटतं. शिवाय त्याच्या स्वतःच्याच एका टायरोसीन या अमिनो आम्लाचं, तांब्याच्या साक्षीने, रूपांतर व्हावं लागतं. तांबं नाही तर एन्झाइम नुसतं नावाला. म्हणजे जास्त तांब्याने माझी पहिली बॅच आत कोंडली, आणि तांबं काढून घेतलं असतं तर दोरी वाकडी झाली असती. झेब्राफिशचं ‘कॅलॅमिटी’ नावाचं वाण असंच आहे. त्यात पेशीत तांबं पोचवणारं प्रथिन बिघडलेलं असतं, मग पृष्ठरज्जू नागमोडी आणि अंगावर काळा रंग नाही, कारण रंग बनवणाऱ्या टायरोसिनेजलाही तांबंच लागतं. माणसात त्याच जनुकाच्या बिघाडाने मेंकेस नावाचा आजार होतो.

आम्ही तांब्याच्या वाटेला गेलो नाही (मला तर मोरचुदाचं नावही नको होतं). आमचं औषध बीएपीएन. हे रसायन मुळात गोड वाटाण्याच्या, म्हणजे बागेत फुलांसाठी लावतात त्या स्वीट पीच्या बियांत सापडतं आणि लायसिल ऑक्सिडेजला कायमचं जायबंदी करतं. मॅडम मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांनी लगेच सांगितलं, “आमच्याकडची लाखोळीची डाळ याचीच चुलत बहीण. पण लाखोळीचं विष वेगळं, ते नसांवर जातं, पाय जातात माणसाचे. हे हाडाकुर्च्यांवर जातं. दोन्हीला लॅथिरिझम म्हणतात म्हणून पोरं घोळ घालतात. तू घालू नकोस.” मग जरा थांबून, “आणि तुमच्या आंब्यावर करप्यासाठी मॅन्कोझेब मारतात ना, त्या डायथायोकार्बामेटच्या कुळातल्या थायरमने पण झेब्राफिशचा पृष्ठरज्जू असाच वाकडा होतो. हे कूळ तांब्याला धरून बसतं.” कोकणात राहून कोकणाबाहेरचा विषय घेतलाय असं मला वाटत होतं. तो समज त्या दुपारी गेला.

दुसरी बॅच छान लागली. यंत्राचं पाणी, नवी काचेची बरणी, बादली कुठेच नाही. सहा तासांच्या भ्रूणांना औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बशी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मी तोंडावर हात ठेवला. साध्या पाण्यातल्या भ्रूणांच्या पाठीत काचेच्या नळीसारखी सरळ रेघ. औषधातल्यांत तीच रेघ वळणावळणाची, शेपटीकडे तर पार घाटातल्या रस्त्यासारखी. डोकं ठीक, डोळे ठीक, हृदय चालू. फक्त दोरी वाकडी. इतका स्वच्छ फरक मी तोवर पुस्तकातही बघितला नव्हता. फोनचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या भिंगाला लावून फोटो काढले, थरथरत्या हाताने, निम्मे वाया गेले.

त्या शनिवारी घरी गेले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, ती उठलेली, पण समुद्र अजून खवळलेला आणि प्रत्येकाला आपलं जाळं कालच तयार हवं होतं. बाबांच्या ओटीवर तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या धाग्याच्या, जाळ्यांचा ढीग. मी त्यांना फोटो दाखवला. चष्मा वर करून, फोन लांब धरून, मान तिरकी करून बघितलं.

“हा कणा?”

“कण्याच्या आधीची दोरी. गाठी पक्क्या बसू दिल्या नाहीत आम्ही, म्हणून वाकडी झाली.”

“गाठी नाही बसल्या तर दोरी ढिली पडंल. वाकडी कशी होईल?” सुई खाली ठेवली त्यांनी. “हे बघ, हे जाळं कच्च्या गाठींचं आहे. पसरून ठेवलं तर तुला कळणार पण नाही. ओढ लागली की मग तिरपागडं होतं. तुझ्या माशाला ओढ कुठून लागली गो बाय?”

मी एसटीत परत येताना दापोलीपासून खेडपर्यंत हाच विचार करत होते. चिपळूणच्या आसपास ट्यूब पेटली. शेपटी!

झेब्राफिशचा भ्रूण साधारण सतराव्या तासाला आपणहून हलायला लागतो. कुणी हात न लावता, अंड्यातल्या अंड्यात, शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. स्नायू नवे, नसा नव्या, आणि त्या दोघांची तालीम. ही ओढ घरातलीच होती. मी धावत मॅडमकडे गेले, शोध लावल्याच्या थाटात. त्यांनी कपाटातून एक निबंध काढून दिला. थायरमच्या गटातलं औषध देऊन, भ्रूणांना भूल देऊन हलणं थांबवलं तर पृष्ठरज्जू वाकत नाही, हे 2006 सालीच छापून आलेलं होतं. मी जरा खट्टू झाले. “अगं, बीएपीएनला करून बघ की,” त्या म्हणाल्या. “आणि बाबांना सांग, प्रश्न बरोबर होता.”

तर तिसरी बॅच. चार गट : नुसतं पाणी, नुसतं बीएपीएन, नुसती भूल, आणि दोन्ही. भूल म्हणजे ट्रायकेन. ते पाण्यात विरघळलं की पाणी आंबट होतं, म्हणून आधी सामू, म्हणजे पीएच, सातवर आणावा लागतो. ते विसरलं तर भ्रूण भुलीने नाही, आम्लाने मरतात. बादलीनंतर मी सामू तीनदा तपासायला शिकले होते.

अंडी सकाळी सातला पडलेली, म्हणजे सतरावा तास मध्यरात्री. रखवालदार मामांनी प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवू दिलं, वर भजी आणून दिली. बाहेर बेडकांचा नुसता कल्लोळ. साडेअकराला भूल दिली. बाराच्या सुमारास नुसत्या बीएपीएनच्या बशीत पहिला भ्रूण हलला. एक सावकाश पीळ, शेपूट डोक्याकडे, थांबली, परत. मग शेजारचा, मग पलीकडचा. आता खरा तर तो क्षण आनंदाचा. पण मला माहीत होतं की प्रत्येक हिसक्याला आतली कच्ची दोरी थोडी थोडी दुमडत असणार. मी बघत बसले. दोनच्या सुमारास एकाच्या शेपटीकडे पहिली लाट दिसली, अगदी बारीक, आहे की नाही असं वाटणारी. शेजारच्या भूल दिलेल्या बशीत सगळे गप्प. फक्त श्वास रोखल्यासारखे पडलेले.

पहाटे साडेपाचला डोळे चुरचुरत होते. सातला चोवीस तास पूर्ण झाले आणि मोजणी केली. नुसत्या बीएपीएनचे जवळजवळ सगळे वाकडे. दोन्ही दिलेल्यांतले बहुतेक सरळ, हृदय ठोके देतंय, रेघ जशीच्या तशी. एन्झाइम दोन्हीकडे सारखंच बंद होतं, गाठी दोन्हीकडे कच्च्याच होत्या. भिंतीवर पाल चुकचुकली आणि मी मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते, “सामू किती ठेवला होतास?”

पुढचे तीन महिने हाच प्रयोग परत परत, फोटो, मोजणी, तक्ते, आणि मार्गदर्शकाला पटेल असं इंग्रजी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्रबंध करणाऱ्या सगळ्यांना ते माहीत आहे, आणि न करणाऱ्यांनी ऐकून काय करायचंय. तोंडी परीक्षेला बादलीच्या प्रश्नानंतर सर हसले आणि मग वीस मिनिटं तांब्यावरच बोलत राहिले. मॅडम म्हणतात, बादली नसती तर तुला ती वीस मिनिटं निघाली नसती. मी अजून हे मान्य केलेलं नाही.

निकाल लागल्यावर घरी गेले. बाबांना दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले, वाकडा आणि सरळ. भूल, शेपटी, ओढ, सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ सरळ वाला फोटो बघितला.

“मग ह्यांचं पुढे काय केलंत?”

“पाचव्या दिवसाच्या आत संपवायचे असतात, बाबा. तेच भुलीचं औषध जास्त द्यायचं. त्यांना त्रास होत नाही.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “मासे मारायला दोन वर्षं शिकलीस,” म्हणाले. आतून आई हसली. मग ते पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरून फाटलेली जागा शोधायला लागले, आणि सुईत तंगूस भरायला मला दिलं.